मौनाची विधाने : ख्रिस्ती परंपरेतील निःशब्द प्रार्थनेच्या वादाचा एक मागोवा

१.

इ. स. ३९९ मध्ये अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष थिओफिलस याचे वार्षिक पत्र ईजिप्तच्या वाळवंटातील मठांमध्ये पोहोचले. ईस्टरची तिथी कळविणे हा अशा पत्राचा नेहमीचा हेतू. त्या वर्षी मात्र त्यात एक सैद्धान्तिक प्रतिपादनही होते. ईश्वराला मानवी आकार आहे ही समजूत चुकीची आहे, असे त्यात बजावले होते. सरापिऑन नावाच्या एका वृद्ध तपस्व्याला हे पटेना. एका विद्वान उपयाजकाने त्याला शास्त्राधार दाखवून समजावले. वृद्धाने आपली चूक मान्य केली आणि सर्वांनी आनंदाने आभाराची प्रार्थना सुरू केली. त्या प्रार्थनेतच तो म्हातारा जमिनीवर कोसळून रडू लागला. इतकी वर्षे ज्याच्यापुढे तो हात जोडत आला होता तो त्याचा देव हिरावला गेला होता, आणि आता कोणाला हाक मारावी हे त्याला कळत नव्हते.

ही हकिगत जॉन कॅसिअन याने पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात, दक्षिण गॉलमध्ये लिहिलेल्या ‘संवाद’ या ग्रंथातील दहाव्या संवादाच्या आरंभी सांगितली आहे. पुढे याच संवादात प्रतिमाविरहित प्रार्थनेचा मार्ग उलगडतो : स्तोत्रसंहितेतील साहाय्याची याचना करणारा एकच चरण सतत मनात घोळवावा आणि बाकीच्या साऱ्या विचारांची संपत्ती टाकून द्यावी. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगातील ध्यानप्रार्थनेच्या परंपरेचा हा एक मूलस्रोत होय. या स्रोताच्या मुखाशीच एक रडणारा म्हातारा उभा आहे, ही गोष्ट अभ्यासकांनी विसरू नये असे मला वाटते. उपयाजकाचा सिद्धान्त बरोबर होता. म्हाताऱ्याची प्रार्थनाही खरी होती. दोहोंची भाषा मात्र एक नव्हती.

प्रस्तुत निबंधाचा विषय ही भाषेची फट आहे. निःशब्द किंवा प्रतिमाविरहित प्रार्थनेविषयी ख्रिस्ती मंडळ्यांत चौदाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जे मोठे वाद झाले, त्यांचा इतिहास सामान्यतः धर्मशास्त्राचा किंवा सत्तास्पर्धेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. परंतु तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. हे वाद बहुतांशी संहितांच्या वाचनाचे वाद होते. एका विशिष्ट व्यक्तीला, विशिष्ट अवस्थेत उद्देशून केलेला उपदेश जेव्हा सर्वांना लागू होणारे विधान म्हणून वाचला जातो, तेव्हा त्याचे काय होते, हा प्रश्न या सर्व वादांच्या मुळाशी आहे. तो केवळ ख्रिस्ती परंपरेचा प्रश्न नाही, हे निबंधाच्या अखेरीस दाखविण्याचा प्रयत्न करीन.

२.

प्रथम परिभाषेविषयी थोडे. बाराव्या शतकात गीगो दुसरा या कार्थूसिअन मठाधिपतीने साधकाच्या शिडीच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि चौथी, जिच्यासाठी लॅटिनमध्ये ‘कोन्तेम्प्लातिओ’ हा शब्द आहे. मनन ही विचाराची क्रिया. ती वचनाचा अर्थ फोडते, चघळते. चौथ्या पायरीवर विचार थांबतो आणि केवळ सन्मुखता उरते. आपल्याकडील श्रवण, मनन, निदिध्यासन या क्रमाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. पण हे साम्य जपून वापरले पाहिजे. निदिध्यासनाची परिणती ज्ञानात अपेक्षित असते. गीगोच्या शिडीतील शेवटची पायरी साधकाने चढायची नसून ती त्याला दिली जाते. कृपेची ही अट पुढील सर्व वादांत कळीची ठरली.

मराठीत आपण ‘ध्यान’ हा एकच शब्द या दोन्ही पायऱ्यांसाठी वापरतो, आणि आधुनिक इंग्रजीतील ‘मेडिटेशन’ या शब्दाने तर पूर्वीच्या लॅटिन अर्थाशी जवळजवळ फारकतच घेतली आहे. विचार करणे हा ज्या शब्दाचा जुना अर्थ, तोच शब्द आज विचार थांबविण्यासाठी वापरला जातो. विसाव्या शतकातील पुष्कळसा गैरसमज या शब्दान्तरातून आला आहे. म्हणून येथे विचारप्रधान क्रियेला ‘मनन’ आणि विचारापलीकडील शांत सन्मुखतेला ‘निःशब्द प्रार्थना’ असे म्हटले आहे.

३.

या प्रार्थनेवरचा पहिला मोठा जाहीर वाद पूर्वेकडील मंडळीत, बायझँटाइन साम्राज्याच्या उतरत्या काळात झाला. अ‍ॅथॉस पर्वतावरील तपस्वी येशूच्या नामाची एक लहानशी प्रार्थना श्वासाच्या लयीत म्हणत. त्यांपैकी काहीजण मान झुकवून, दृष्टी छातीवर किंवा नाभीकडे लावून बसत. या साधनेत आपल्याला दिव्य प्रकाशाचे दर्शन होते, असे त्यांचे म्हणणे होते. दक्षिण इटलीतून कॉन्स्टँटिनोपलला आलेल्या बार्लाम या विद्वानाला हे असह्य झाले. या लोकांचा आत्मा नाभीत राहतो, अशा अर्थाचे एक उपहासात्मक विशेषण त्याने घडविले आणि ते त्यांना चिकटले.

बार्लामचे आक्षेप केवळ उपहासाचे नव्हते. ईश्वर अज्ञेय आहे ही भूमिका त्याला जपायची होती. जो कोणत्याही संकल्पनेत सापडत नाही, तो डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात कसा सापडेल, असा त्याचा प्रश्न होता. ग्रेगरी पालामास (१२९६–१३५९) या अ‍ॅथॉसच्या तपस्व्याने त्याला उत्तर दिले. ईश्वराचे सत्त्व मनुष्याला कधीच प्राप्त होत नाही; परंतु त्याच्या शक्ती, ज्या निर्मित नसून ईश्वरीच आहेत, त्यांचा सहभाग मनुष्याला मिळू शकतो, असा भेद त्याने मांडला. शरीराला प्रार्थनेतून वगळणे म्हणजे शब्द देहधारी झाला या ख्रिस्ती श्रद्धेलाच वगळणे होय, हेही त्याच्या युक्तिवादाचे एक अंग होते. १३४१, १३४७ आणि १३५१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या परिषदांनी पालामासच्या बाजूने कौल दिला. १३६८ मध्ये त्याला संतपद देण्यात आले. बार्लाम इटलीला परतला, रोमच्या मंडळीत गेला आणि तेथे धर्माध्यक्ष झाला. पेत्रार्कला ग्रीक शिकविण्याचा प्रयत्न करणारा शिक्षक म्हणून तो युरोपीय साहित्याच्या इतिहासातही डोकावतो.

येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. साधकांच्या बाजूचा विजय झाला, पण त्यासाठी पालामासला साधनेचे रूपांतर सिद्धान्तात करावे लागले. सत्त्व आणि शक्ती यांचा भेद हा नामस्मरण करणाऱ्या तपस्व्याचा शब्द नव्हे. तो परिषदेचा शब्द आहे. म्हणजे मौनाचा बचावही विधानांच्या भाषेतच करावा लागला.

पूर्वेकडील परंपरेत हा प्रश्न पुन्हा एकदा, आणि अधिक करुण रीतीने, उद्भवला. १७८२ मध्ये व्हेनिस येथे ‘फिलोकालिया’ हा साधनाविषयक ग्रीक संग्रह छापला गेला आणि १७९३ मध्ये त्याचे स्लाव्ह भाषान्तर आले. त्यातून नामप्रार्थना रशियन खेड्यापाड्यांत पोहोचली. १९०७ साली इलारिऑन या तपस्व्याने काकेशस पर्वतातील साधनेविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले. ईश्वराचे नाम हे स्वतः ईश्वरच होय, असे त्यात आले होते. अ‍ॅथॉसवरील रशियन तपस्व्यांत यावरून दोन तट पडले. मे १९१३ मध्ये रशियन धर्मसभेने हे मत त्याज्य ठरविले. त्याच उन्हाळ्यात रशियन जहाजे सैनिकांसह अ‍ॅथॉसला गेली आणि आठशेहून अधिक तपस्व्यांना बळाने उचलून ओडेसाला आणण्यात आले. पुढे फ्लोरेन्स्की, बुल्गाकोव्ह आणि लोसेव्ह या तत्त्वचिंतकांनी नाम आणि नामी यांच्या संबंधावर जे लिहिले, ते भाषेच्या तत्त्वज्ञानातील महत्त्वाचे लेखन ठरले.

मराठी वाचकाला येथे थबकावेसे वाटेल. नाम आणि नामी यांचे अभिन्नत्व ही आपल्या संतपरंपरेत घरोघरी पोहोचलेली गोष्ट आहे. त्यासाठी आपल्याकडे कोणाला जहाजात घालण्यात आले नाही. परंतु यावरून एका परंपरेच्या उदारतेचा आणि दुसरीच्या कठोरतेचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. धर्मसभेला पडलेला प्रश्न असा होता : अक्षरे आणि ध्वनी जर ईश्वर असतील, तर मग नाम उच्चारणारा त्या ईश्वराचा धनी होत नाही काय? ‘आहे’ या क्रियापदाने प्रार्थनेत जोडलेले नाते हे तर्कशास्त्रातील तादात्म्य असते काय, हाच येथील खरा मुद्दा होता. तपस्व्याने ते वाक्य प्रेमाने उच्चारले होते. सभेने ते व्याख्या म्हणून तपासले.

४.

पश्चिमेत या वादाला आणखी एक परिमाण मिळाले, ते देशी भाषांचे. स्पेनमध्ये १५२५ साली तोलेदो येथील आज्ञापत्राने ‘आलुम्ब्रादोस’ म्हणजे ‘प्रकाशित’ म्हणविणाऱ्या साधकमंडळांविरुद्ध कारवाई सुरू झाली. या मंडळांत स्त्रिया आणि सामान्य गृहस्थ मोठ्या प्रमाणात होते. १५५९ मध्ये मुख्य धर्मन्यायाधीश वाल्देस याने निषिद्ध ग्रंथांची सूची काढली आणि स्पॅनिश भाषेतील प्रार्थनेची अनेक पुस्तके, लुईस दे ग्रानादासारख्या मान्यवराचीही, एका फटक्यात वाचकांच्या हातून गेली.

आविलाची तेरेसा (१५१५–१५८२) हिला लॅटिन येत नव्हते. अंतर्मुख प्रार्थनेची वाट तिला फ्रान्सिस्को दे ओसुना याच्या १५२७ साली छापलेल्या स्पॅनिश पुस्तकातून सापडली होती. या सूचीमुळे आपल्याला झालेले दुःख तिने आत्मचरित्रात नोंदविले आहे. तिला सांत्वन मिळाले ते ईश्वरच आपले जिवंत पुस्तक होईल या आश्वासनातून. हा प्रसंग आध्यात्मिक म्हणून नेहमी सांगितला जातो. तो वाचनाच्या इतिहासातील प्रसंगही आहे. जिच्या हातातील पुस्तक काढून घेतले, तिने पुढे स्वतःच पुस्तके लिहिली. म्हणजे निःशब्द प्रार्थनेच्या वादात ‘अधिकार’ हा प्रश्न सुरुवातीपासून गुंतलेला होता. शांत बसण्याचा अधिकार कोणाचा? मठात आयुष्य घालविलेल्याचा, की बाजारातून घरी परतलेल्या बाईचाही?

सतराव्या शतकात मिगेल दे मोलिनोस (१६२८–१६९६) या स्पॅनिश धर्मगुरूच्या प्रकरणात हे दोन्ही प्रश्न एकत्र आले. १६६३ पासून तो रोममध्ये होता. १६७५ साली त्याचा ‘आध्यात्मिक मार्गदर्शक’ हा ग्रंथ धर्माधिकाऱ्यांच्या अनुमतीने प्रसिद्ध झाला आणि लवकरच अनेक भाषांत गेला. मननाचे कष्ट सोडून आत्म्याने ईश्वरापुढे शांत राहावे, हे त्याचे सार. पाओलो सेन्येरी या विख्यात येशूसंघीय प्रवचनकाराने १६८० मध्ये त्यावर टीका केली. श्रम आणि विश्रांती दोन्हींना प्रार्थनेत स्थान आहे, ही त्याची भूमिका संयत होती. आश्चर्य असे की प्रथम निषिद्ध सूचीत गेले ते सेन्येरीचेच पुस्तक, कारण तेव्हा मोलिनोसला रोममध्ये मोठा मान होता. १६८५ च्या जुलैत मोलिनोसला अटक झाली. सप्टेंबर १६८७ मध्ये त्याने जाहीररीत्या आपली मते मागे घेतली, आणि नोव्हेंबरमध्ये पोप इनोसन्ट अकराव्याच्या आज्ञापत्राने त्याची ६८ वचने त्याज्य ठरविली. नऊ वर्षांनी तो कैदेतच मरण पावला.

या ६८ वचनांचा उगम पाहण्यासारखा आहे. ती मुख्यतः त्याच्या छापील ग्रंथातून घेतलेली नव्हती; त्याने साधकांना लिहिलेली पत्रे आणि चौकशीतील साक्षी यांवरून ती सिद्ध करण्यात आली होती. मार्गदर्शनाचे पत्र हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. त्याचा वाचक एकच असतो आणि त्या वाचकाची त्या आठवड्यातील अवस्था हाच त्या पत्राचा संदर्भ असतो. पापभीरूपणाने खचलेल्या साधकाला ‘आपल्या दोषांकडे पाहू नको’ असे सांगणे हा उपचार असतो. तेच वाक्य ‘मनुष्याने आपल्या दोषांकडे पाहू नये’ असे झाले की तो पाखंडाचा सिद्धान्त बनतो. आज्ञार्थाचे विध्यर्थात आणि विध्यर्थाचे निश्चयार्थी विधानात रूपांतर : या प्रक्रियेचे व्याकरण इतके साधे आहे, आणि परिणाम इतके गंभीर.

मोलिनोस निर्दोष होता असे यावरून सिद्ध होत नाही. त्याच्यावर अनैतिक वर्तनाचेही आरोप होते आणि त्याने स्वतःचा बचाव केला नाही. निष्क्रियतेची शिकवण दुर्बल मनाच्या साधकाला नैतिक बेफिकिरीकडे नेऊ शकते, ही टीकाकारांची भीती निराधार म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच की ज्या वाचनपद्धतीने हा निर्णय झाला, ती त्या वाक्यांना समजून घेण्यास योग्य होती काय.

५.

फ्रान्समधील प्रकरण हे या साऱ्या वादांतील सर्वांत वाङ्मयीन प्रकरण होय. झान ग्युयाँ (१६४८–१७१७) या विधवेने १६८५ साली ग्रनोब्ल येथे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. ही प्रार्थनेची लहान आणि फार सोपी रीत आहे, असे त्याच्या नावातच म्हटले होते. वादाचे बीज या ‘सोपी’ शब्दात होते. निःशब्द प्रार्थना ही प्रगत साधकांची राखीव जागा नाही. लिहितावाचता न येणाऱ्यालाही ती साधते, हे तिचे म्हणणे. १६८८ साली तिला काही महिने एका मठात अटकेत ठेवण्यात आले. त्याच वर्षी तिची भेट फ्रान्स्वा फेनलाँ याच्याशी झाली, आणि मादाम द मँतनाँच्या आश्रयाने साँ-सीर येथील मुलींच्या विद्यालयात तिचे विचार पसरले.

पुढे संशय वाढला तेव्हा १६९४–९५ मध्ये इसी येथे परीक्षण झाले. बोस्युए या काळचा सर्वांत प्रभावी वक्ता आणि धर्माध्यक्ष त्यात प्रमुख होता. मार्च १६९५ मध्ये ३४ कलमांवर सह्या झाल्या. फेनलाँनेही सही केली आणि तो कांब्रेचा प्रमुख धर्माध्यक्ष झाला. डिसेंबरमध्ये ग्युयाँबाईंना कैद झाली. १६९८ ते १७०३ ही वर्षे त्यांनी बास्तीलमध्ये काढली.

जानेवारी १६९७ मध्ये फेनलाँने संतांच्या वचनांचे स्पष्टीकरण करणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची रचना लक्षणीय आहे. प्रत्येक कलमाचे दोन भाग आहेत : एक ‘सत्य’, दुसरा ‘असत्य’. संतांनी अनुभवाच्या भरात जे सैल शब्दांत सांगितले, ते काटेकोर विधानांत मांडून त्याच्या सीमा आखाव्यात, हा त्याचा हेतू होता. म्हणजे प्रतिपक्षाची वाचनपद्धती त्याने स्वतःच स्वीकारली. आपल्या बाजूच्या संहितांचे विधानीकरण त्याने आपल्या हाताने केले, आणि म्हणूनच ती विधाने उचलून बाजूला काढणे प्रतिपक्षाला सोपे गेले. १२ मार्च १६९९ रोजी पोप इनोसन्ट बाराव्याने या ग्रंथातील २३ वचने त्याज्य ठरविली. राजा चौदाव्या लुईचा दबाव त्यामागे होता. तरीही पोपने त्यांना ‘पाखंड’ हा शब्द लावला नाही. निर्णय कळताच फेनलाँने आपल्या मंडळीसमोर तो मान्य केला.

बोस्युएची भूमिका थोडी सहानुभूतीने पाहिली पाहिजे. ईश्वरावरील प्रेम इतके निरपेक्ष असावे की आपल्या मुक्तीचीही इच्छा त्यात उरू नये, हे फेनलाँचे मत होते. बोस्युएला त्यात आशा या सद्गुणाचाच लोप दिसला. जो काहीही मागत नाही तो प्रार्थना तरी कशी करतो, हा त्याचा प्रश्न तर्कशुद्ध आहे. पण १६९८ मध्ये त्याने या वादाचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात त्याने ग्युयाँबाईंचे अप्रकाशित आत्मचरित्र वापरले. ते हस्तलिखित त्यांनी त्याला गोपनीय म्हणून, आपल्या अंतःकरणाच्या परीक्षेसाठी दिले होते. बोस्युएच्या खुसखुशीत गद्याने त्यातील विलक्षण अनुभव साऱ्या पॅरिसच्या हसण्याचा विषय केले. लेखिका तेव्हा बंदिवासात होती. फ्रेंच गद्याच्या इतिहासात हा वृत्तान्त उत्कृष्ट मानला जातो, आणि तो मान रास्त आहे. परंतु एका वाङ्मयप्रकाराचे, कबुलीचे, दुसऱ्या वाङ्मयप्रकारात, उपहासात, असे रूपांतर करण्यात जो विश्वासभंग आहे, तो शैलीच्या गुणांनी झाकला जात नाही.

६.

हा वाद रोमच्या मंडळीपुरता मर्यादित नव्हता. १७३९–४० मध्ये लंडनच्या फेटर लेन येथील मंडळात असाच तिढा पडला. मोरेव्हिअन उपदेशक मोल्टर सांगत असे की खरी श्रद्धा प्राप्त होईपर्यंत मनुष्याने स्थिर राहावे. संस्कारविधी, वाचन, प्रार्थना यांच्या मागे लागू नये. जॉन वेस्लीने याला विरोध केला, आणि जुलै १७४० मध्ये तो आपल्या अनुयायांसह त्या मंडळातून बाहेर पडला. मेथडिस्ट चळवळीच्या स्वतंत्र अस्तित्वाला या फुटीने आकार दिला. याच वेस्लीने १७७६ मध्ये ग्युयाँबाईंच्या चरित्राचा संक्षेप प्रसिद्ध केला. रोमन कॅथलिक फ्रान्सने जिला बंदिस्त केले, तिचे ग्रंथ पिएर प्वारे याने हॉलंडमध्ये छापले आणि तिचे वाचक मुख्यतः प्रॉटेस्टंट देशांत मिळाले. निष्क्रियतेचा सर्वांत कृतिशील विरोधक तिचा प्रसारक व्हावा, यात विसंगती दिसेल. मला त्यात एक वाचनविवेक दिसतो. वेस्लीने शिकवण नाकारली, जीवनकथा राखली.

७.

विसाव्या शतकात हा जुना वाद भारताच्या संदर्भात नव्याने उभा राहिला. जॉन मेन (१९२६–१९८२) हा ब्रिटिश अधिकारी मलायात असताना स्वामी सत्यानंद यांच्याकडून एका शब्दाच्या जपाने ध्यान करण्यास शिकला. १९५९ मध्ये तो लंडनजवळच्या बेनेडिक्टाइन मठात दाखल झाला तेव्हा त्याला ती पद्धत सोडण्यास सांगण्यात आले. त्याने ती सोडली. पुढे सतराव्या शतकातील ऑगस्टीन बेकर याच्या लेखनातून तो कॅसिअनकडे वळला, आणि दहाव्या संवादात त्याला आपल्या स्वामींनी दिलेलीच वाट भेटली. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधील स्पेन्सरच्या मठात, थॉमस कीटिंग (१९२३–२०१८) आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात चौदाव्या शतकातील एका अनामिक इंग्रजी ग्रंथाच्या आधारे अशीच एक पद्धत तयार केली. १९७८ साली रिचर्ड फॉस्टर या क्वेकर लेखकाच्या पुस्तकाने या साधना प्रॉटेस्टंट वाचकांपर्यंत नेल्या. बायबलच्या वचनावर भर देणाऱ्या मंडळ्यांतून तेव्हा आक्षेप आला की या पद्धती शास्त्रात सांगितलेल्या नाहीत आणि त्या पूर्वेकडील धर्मांतून चोरवाटेने आल्या आहेत.

१५ ऑक्टोबर १९८९ रोजी, म्हणजे नेमक्या तेरेसाच्या सणाच्या दिवशी, रोमच्या धर्मसिद्धान्तविषयक मंडळाने जोसेफ रॅट्झिंगर यांच्या सहीने ख्रिस्ती ध्यानाच्या काही पैलूंविषयी धर्माध्यक्षांना पत्र पाठविले. त्यात झेन, योग आणि भावातीत ध्यान यांचा उल्लेख टीपेत होता. अन्य धर्मांतील पद्धती केवळ त्या ख्रिस्ती नाहीत म्हणून टाकून देऊ नयेत, हे पत्रात स्पष्ट म्हटले होते. परंतु ख्रिस्ती प्रार्थना ही मनुष्य आणि ईश्वर यांचा वैयक्तिक संवाद आहे, आणि शरीराला मिळणारी शांती म्हणजे पवित्र आत्म्याची कृपा असे समजू नये, हा त्याचा इशारा होता. जे प्रश्न सेन्येरी आणि बोस्युए यांनी विचारले, तेच येथे अधिक सौम्य भाषेत आले आहेत.

या पत्राच्या छायेत घडलेले एक प्रकरण महाराष्ट्राशी थेट जोडलेले आहे. अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) हे मुंबईत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. १९७० च्या दशकात पुण्यात सुरू झालेली आणि पुढे लोणावळ्यात स्थिरावलेली ‘साधना’ ही संस्था त्यांची. १९७८ साली आलेल्या त्यांच्या ‘साधना’ या इंग्रजी पुस्तकात श्वास, संवेदना आणि कल्पना यांवर आधारित अभ्यास आहेत. त्यांची वाक्ये जवळजवळ सर्व आज्ञार्थी आहेत. पुढील पुस्तकांत त्यांनी दृष्टान्ताचा आश्रय घेतला : सूफी, झेन, ज्यू, हिंदू परंपरांतील लहान लहान गोष्टी. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ रोजी, त्याच मंडळाने त्यांच्या लेखनाविषयी सूचना काढली. आरंभीच्या लेखनातील काही गुण मान्य करून, पुढील लेखन ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापासून क्रमाने दूर गेले आणि ईश्वराविषयी काहीच बोलता येत नाही या टोकाला पोहोचले, असा तिचा निष्कर्ष होता. गोष्टींचे पुन्हा विधानांत रूपांतर झाले. या वेळी उत्तर द्यायला लेखक हयात नव्हता.

याच भूमीत यापूर्वी नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) दुसरी वाट शोधली होती, तीही येथे आठवावी. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी निःशब्दतेचा आग्रह धरला नाही. अभंग आणि भजन यांच्यातून, तुकोबांच्या मार्गाने, ते ख्रिस्ताकडे गेले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेला प्रतिमा नाकारण्याची गरज वाटली नाही. तिने प्रतिमा बदलल्या. सरापिऑनचे दुःख टाळण्याचा तो एक मार्ग होता.

८.

या मागोव्यातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, निःशब्द प्रार्थनेचा वाद हा पूर्व आणि पश्चिम यांच्या संपर्कातून जन्मलेला नाही. योगाचा परिचय होण्यापूर्वी कित्येक शतके तो ख्रिस्ती मंडळीच्या आत चालू होता. त्याचबरोबर ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ हे उत्तरही अपुरे आहे. जॉन मेनला कॅसिअन सापडला तो एका हिंदू गुरूने वाट दाखविल्यानंतर. स्वतःच्या परंपरेतील विसरलेले पान कधीकधी दुसऱ्याच्या पुस्तकातून कळते. तौलनिक अभ्यासाचे समर्थन यापेक्षा चांगले करता येईल असे वाटत नाही.

दुसरी गोष्ट अधिकाराची. देशी भाषेत, सोप्या शब्दांत, सर्वांसाठी लिहिलेले प्रार्थनेचे पुस्तक नेहमी अधिक संशयास्पद ठरले. लॅटिनमध्ये जे मठांतून शतकानुशतके चालले, ते स्पॅनिश किंवा फ्रेंचमध्ये बाईने लिहिले की धोकादायक झाले.

तिसरी गोष्ट वाचनाची. प्रार्थनेची शिकवण आज्ञार्थात असते, आणि प्रत्येक आज्ञार्थामागे एखादे गृहीत विधान असते, हे टीकाकारांचे म्हणणे खरे आहे. ‘शांत राहा, तो करील’ असे सांगणाऱ्याने ‘तो’ कोण हे गृहीत धरलेलेच असते. ते गृहीत तपासण्याचा मंडळीचा हक्क नाकारता येत नाही. परंतु वाक्य उचलताना ते कोणाला, कोणत्या अवस्थेत, कोणत्या वाङ्मयप्रकारात सांगितले हे सोडून दिले, तर जे उरते ते लेखकाचे मत नसते. ते वाचकाने घडविलेले नवे वाक्य असते.

मराठी समीक्षेला हा दोष अपरिचित नाही. एखादा अभंग उचलून तुकाराम अद्वैती होते किंवा नव्हते हे सिद्ध करण्याची आपली सवय जुनी आहे. एका रात्री भांडणाऱ्या, दुसऱ्या दिवशी शरण जाणाऱ्या, कधी गप्प राहणाऱ्या भक्ताच्या वाणीतून आपण सिद्धान्ताची कलमे वेगळी काढतो. आपल्या हातात कैद करण्याची सत्ता नसते, एवढाच फरक. सरापिऑनला समजावणारा उपयाजक चुकीचे बोलला नव्हता. आपले बोलणे ऐकून म्हाताऱ्याच्या प्रार्थनेचे काय झाले, हे मात्र त्याला तो रडू लागेपर्यंत दिसले नाही. भक्तिवाङ्मय वाचणाऱ्या प्रत्येकाला ते आधी दिसायला हवे.